लॅपटॉपवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम : ड्रायव्हर अडला तर



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सवलत ठेवली, पण ती शेवटी सवलतच. तिच्या पुढची विंडोज ११ सगळ्याच यंत्रांवर चढत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा लागतो. आता तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कोणत्याही शाळेचे कपाट उघडा. त्यात जो लॅपटॉप निघेल तो पुष्कळदा त्याही आधीचा असायचा. कळफलकावरची दोन-चार अक्षरे पुसलेली, बॅटरी अर्धा तास टिकणारी, पण बाकी धडधाकट.

असे चालते यंत्र टाकून कसे द्यावे? म्हणून जाणती माणसे त्यावर पहिल्या विंडोजच्या शेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालतात. उबुंटू किंवा लिनक्स मिंट घालतात. आपल्याच सीडॅक संस्थेने तयार केलेली 'बॉस' नावाची प्रणालीही आहे. या सगळ्या लिनक्सच्या घरातल्या, आणि विनामूल्य. यंत्र सुरू केले की ते विचारते, आज कोणती चालवू? केरळातल्या सरकारी शाळांनी तर हा मार्ग फार आधी धरला. २००१ साली सुरू झालेल्या 'आयटी अ‍ॅट स्कूल' या योजनेतून तेथील शाळांचे संगणक लिनक्सवर आले आणि लाखो मुले त्यावर शिकली. तेव्हा गोष्ट काही अघटित नाही.

मात्र घालताना एक अडचण हटकून येते. सिस्टीम चढते, पडदा उजळतो, आणि मग वायफाय दिसत नाही, किंवा आवाज येत नाही, किंवा चढण्याच्या आधीच यंत्र म्हणते की मला डिस्कच सापडत नाही. गुरुजी लॅपटॉप उचलतात आणि तालुक्याच्या दुकानात नेतात. दुकानातला पोरगा दहा मिनिटे बटणे दाबतो आणि म्हणतो, "गुरुजी, याचा ड्रायव्हर नाही भेटत. नवाच घ्या आता." गुरुजी म्हणतात, "नवा कशाले गा? कालपर्यंत तर चालत होता!"

गुरुजींचे म्हणणे खरे आहे. काल चालणारे वायफाय आज मोडलेले नसते. ते मुके झालेले असते, इतकेच. का, ते समजून घेऊ.

ड्रायव्हर या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे एसटीचा चालक उभा राहतो, आणि तेथेच घोटाळा होतो. हा ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. बालाघाटकडचा व्यापारी हिंदी बोलतो, मोहाडीकडची म्हातारी झाडीबोली बोलते, आणि मध्ये दोन्ही जाणणारा कोणी असला की धानाचा सौदा होतो. तो मधला माणूस उठून गेला तर सौदा अडतो. यात धानाचा दोष नाही की व्यापाऱ्याचाही नाही. लॅपटॉपच्या आत वायफायची चकती, ध्वनीची चिप, पडद्याची चिप, कॅमेरा, टचपॅड असे अनेक भाग वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेले असतात आणि प्रत्येकाची बोली निराळी. ऑपरेटिंग सिस्टीम त्यांच्याशी थेट बोलत नाही. प्रत्येकासाठी एक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मध्ये ठेवते.

आता मुद्द्याची गोष्ट. विंडोजजवळ जे दुभाषी आहेत ते विंडोजचे. दुसरी सिस्टीम त्याच यंत्रात, त्याच डिस्कवर शेजारी नांदत असली तरी पहिलीचा एकही दुभाषी तिच्या उपयोगाचा नाही. तिने आपले स्वतःचे आणायचे. म्हणून विंडोजमध्ये सगळे ठीक चालते यावरून एवढेच कळते की भाग शाबूत आहे. दुसरीकडे तो चालेल की नाही, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मग हे दुभाषी येतात कोठून? लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर तिच्या गाभ्यातच, ज्याला कर्नल म्हणतात त्यातच, बांधून येतात. कर्नल जितका नवा तितके नवे भाग त्याला ओळखता येतात. म्हणून गेल्या वर्षी घेतलेल्या लॅपटॉपवर पाच वर्षांपूर्वीची उबुंटू चढवू नये. वायफाय सापडले नाही तर नवल नाही. उलट दहा वर्षांच्या जुन्या यंत्राला या बाबतीत लिनक्स फार सोयीची, कारण एवढ्या काळात जगात कोणी ना कोणी त्याच्या भागांसाठी ड्रायव्हर लिहून गेलेला असतो. विंडोजमध्ये काही ड्रायव्हर आत असतात, काही इंटरनेटवरून आपोआप येतात, आणि उरलेले लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावे लागतात.

काही कंपन्या आपल्या भागाची बोली कोणाला सांगतच नाहीत, हेही खरे. यावरून एक जुनी हकिकत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर होता. त्यात कागद अडकायचा, आणि लोक दुसऱ्या मजल्यावर आपल्या छापाची वाट पाहत बसायचे. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तेथील प्रोग्रामरला वाटले की कागद अडकताच सगळ्यांना निरोप जावा, एवढी भर प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये घालू. पण त्या प्रोग्रामचा मूळ मजकूर त्याला मिळाला नाही. ज्याच्याजवळ होता त्याने गुप्ततेचा करार केला होता. स्टॉलमनच्या मनाला ते लागले, आणि पुढे १९८३ साली त्याने मोकळ्या सॉफ्टवेअरची ग्नू नावाची चळवळ जाहीर केली. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला तो त्याच्याशी जुळला. म्हणजे आज गुरुजी ज्या सिस्टीमचा विचार करीत आहेत तिच्या जन्मामागे एक अडलेला प्रिंटरच आहे! कंपन्याही हळूहळू नरमल्या. वायफायच्या चिपा करणाऱ्या ब्रॉडकॉमने २०१० मध्ये काही ड्रायव्हर खुले केले, पडद्याच्या चिपा करणाऱ्या एनव्हिडियाने २०२२ मध्ये. पण जुन्या मालाची कुलपे पुष्कळ ठिकाणी तशीच आहेत.

असो. आता कामाकडे वळू. पण ड्रायव्हरच्या आधी एक सावधगिरी सांगतो, कारण खरे नुकसान तेथे होते. वायफाय न चालल्याने फार तर एक दिवस खोळंबा होईल. पण शाळेच्या पटाची माहिती, शिष्यवृत्तीच्या याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, हे सगळे पुष्कळदा त्या एकाच लॅपटॉपवर असते. ते आधी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रात उघडून पाहा. नुसते उतरवले म्हणून भागत नाही.

दुसरे, बिटलॉकर. काही विंडोज यंत्रांची डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. रोज ते कुलूप यंत्र स्वतःच उघडते. पण दुसऱ्या सिस्टीमसाठी आपण यंत्राच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, काही बदलले की त्याला संशय येतो आणि ते ४८ आकडी चावी मागते. ही चावी साधारणपणे ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला त्या खात्यात असते. आणि ते खाते जर दुकानदाराने आपल्याच ईमेलवर उघडून दिलेले असेल, तर चावी दुकानदाराकडे! म्हणून कोठेही हात लावण्याआधी विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ती ४८ आकड्यांची चावी कागदावर उतरवून घ्या. चावी हाती नसेल तर काम पुढे नेऊ नका. ती हरवली तर आतले कागदपत्र कोणताही कारागीर काढून देऊ शकत नाही.

तिसरे आणि सर्वांत सोपे. लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार केला की ती लगेच डिस्कवर चढवायची गरज नसते. पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. डिस्कला धक्का लागत नाही. अशी अर्धा तास चालवा. वायफाय जोडा, एखादे गाणे लावा, पडद्याचा उजेड कमीजास्त करा, कॅमेरा उघडा, झाकण मिटून पुन्हा उघडा. येथे जे चालते ते चढवल्यावरही चालते. जे अडते ते आताच कळते, आणि बेत रद्द करायचा तर काहीच बिघडलेले नसते. दुकानात शंभरातला एखादाच हे करीत असेल, आणि निम्म्या तक्रारी त्यामुळेच उभ्या राहतात असे माझे मत आहे.

आता अडचणी, ज्या क्रमाने समोर येतात त्या क्रमाने.

पहिली, डिस्क न दिसणे. पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क ज्या पद्धतीने जोडलेली असते तिला बायोसमध्ये 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' म्हणतात. विंडोजजवळ तिचा दुभाषी असतो. लिनक्सच्या इन्स्टॉलरला मात्र त्या पडद्याआडची डिस्क पुष्कळदा दिसत नाही. उपाय म्हणून सगळे सांगतात, बायोसमध्ये जाऊन 'रेड' चे 'एएचसीआय' करा. उपाय बरोबर आहे, पण तसाच केला तर लिनक्सला डिस्क दिसू लागते आणि विंडोज मात्र निळा पडदा दाखवून बंद पडते. तिच्या जुन्या दुभाष्याला नवी पद्धत कळत नाही. येथे घाबरून कोणी विंडोज पुसू नये. बायोसमधली सेटिंग होती तशी केली की विंडोज पुन्हा उठते.

योग्य रीत अशी. आधी विंडोजमध्येच शोधपट्टीत 'एमएसकॉन्फिग' लिहून उघडा, त्यातल्या 'बूट' या पानावर 'सेफ बूट' ला खूण करा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. सुरू होतानाच बायोसमध्ये शिरा (कोठे एफ-२ कळीने, कोठे डिलीट, कोठे एफ-१०, कंपनीप्रमाणे बदलते) आणि 'एएचसीआय' निवडा. विंडोज आता सेफ मोडमध्ये उघडेल आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर स्वतःच धरील. मग 'एमएसकॉन्फिग' मधली खूण काढून टाका. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधी कधी चालत नाही, म्हणून खात्याचा पूर्ण पासवर्ड ठाऊक असू द्या. आणि मघाची ४८ आकड्यांची चावी हाताशी असू द्या, ती येथेच मागितली जाते.

नव्या लॅपटॉपात, म्हणजे इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे, हाच प्रकार उलट दिशेनेही होतो. तेथे विंडोजच पुन्हा चढवू गेले तर तिचा इन्स्टॉलर म्हणतो, एकही डिस्क सापडली नाही. आत व्हीएमडी नावाची सोय असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून 'इंटेल रॅपिड स्टोरेज' चा ड्रायव्हर घ्यावा, तो उलगडून फोल्डरसह पेनड्राइव्हवर ठेवावा आणि इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवावे. डिस्क लगेच दिसते.

येथे ध्यानात घ्या की यंत्राचा संदेश नेहमी खऱ्या दुखण्याचे नाव घेतोच असे नाही. विंडोज ७ च्या काळातली गोष्ट प्रसिद्ध आहे. नव्या लॅपटॉपवर ती पेनड्राइव्हने चढवू गेले की संदेश यायचा, सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही. लोक म्हणायचे, या यंत्राला सीडीचे खणच नाही! दुखणे होते यूएसबी ३ च्या खाचेत. विंडोज ७ ला तिची बोलीच येत नव्हती, म्हणून तिला स्वतःचाच पेनड्राइव्ह मध्येच दिसेनासा व्हायचा. ज्या यंत्राला जुनी यूएसबी २ ची खाच असे तेथे पेनड्राइव्ह त्या खाचेत लावला की काम पुढे सरकायचे.

दुसरी अडचण वायफायची, आणि आपल्या भागात हीच सर्वांत नडते. ड्रायव्हर घ्यायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. शाळेत तारेचे इंटरनेट असले तर प्रश्नच नाही. नसले तर खिशातला मोबाइल काढा, चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्स अँड्रॉइड मोबाइलला तारेचे जाळे समजते आणि इंटरनेट सुरू होते. केबल मात्र माहिती वाहणारी हवी. काही स्वस्त केबली नुसती वीज वाहतात. एवढ्या एका युक्तीने पवनीची फेरी वाचते.

मग अडलेला भाग नेमका कोणता ते शोधायचे. लॅपटॉपचे नाव सांगून ड्रायव्हर मागू नये. एकाच नावाच्या लॅपटॉपात कंपनी या खेपेला एकाची वायफाय चकती घालते, पुढच्या खेपेला दुसऱ्याची. भागाची खरी ओळख त्याच्या अंगावरच्या दोन क्रमांकांत असते: एक बनवणाऱ्याचा, एक त्या भागाचा. हे क्रमांक ० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांत लिहितात. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय, मग जागा सोडून आडवी रेघ, आणि तिला लागून एन, एन, के असे लिहा व एंटर दाबा. यादी येते. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' ची ओळ शोधा. शेवटी चौकटी कंसात आकडे दिसतील. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. समजा, १०ईसी आणि पुढे सी८२१ असे दिसले, तर तो रिअलटेकचा ८८२१सीई नावाचा भाग. नव्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आत आहे, तेव्हा सिस्टीम अद्ययावत केली की पुरते. १४ई४ आणि ४३६५ दिसले तर तो ब्रॉडकॉमचा ४३१४२. त्याला कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. मोबाइलचे इंटरनेट जोडून उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' किंवा मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा; तेथे त्याचे नाव दिसेल, निवडून यंत्र पुन्हा सुरू करा.

त्याच यादीत प्रत्येक भागाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. ही ओळ मला फार मोलाची वाटते. ती मुळीच नसेल तर त्या भागापाशी दुभाषी पोचलेलाच नाही. ओळ आहे, नाव आहे, आणि तरी भाग चालत नाही, तर दुखणे पुढचे आहे. पुष्कळ भागांना दुभाष्याशिवाय स्वतःचा एक छोटा प्रोग्राम पोटात भरावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. दुभाषी दारात हजर, पण ज्याच्याशी बोलायचे तो उपाशी, अशी ती गत. डी, एम, ई, एस, जी ही आज्ञा 'सुडो' लावून दिली की यंत्राची दिवसभराची रोजनिशी दिसते. तीत 'फर्मवेअर' आणि 'फेल्ड' हे शब्द जवळजवळ दिसले तर फर्मवेअरचे पॅकेज घालावे, ड्रायव्हरच्या मागे लागू नये. डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये हे बंदिस्त फर्मवेअर पूर्वी नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ते आत येऊ लागले. म्हणून कोणी जुना पेनड्राइव्ह देत असेल तर नको म्हणा, नवा करून घ्या.

आणि हो, कधी कधी काहीच बिघडलेले नसते. कळफलकावरची विमानाचे चित्र असलेली कळ कोणा पोराने दाबलेली असते. आर, एफ, के, आय, डबल-एल, मग जागा सोडून 'लिस्ट' असे लिहिले की वायफाय अडवलेले आहे का ते कळते.

तिसरी अडचण थोडी नाजूक आहे. ड्रायव्हर घातला, यादीत दिसतो, तरी चालू होत नाही. आणि रोजनिशीत किल्ली नाकारल्याचा संदेश येतो. हा 'सिक्युअर बूट' चा पहारा. सही-शिक्का नसलेला प्रोग्राम यंत्राच्या गाभ्यात शिरू नये म्हणून हा पहारेकरी बायोसने बसवलेला असतो. तो आहे ते चांगलेच आहे. उबुंटू बाहेरचा ड्रायव्हर घालताना आपल्याला एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा येतो. त्यावर 'एन्रोल एमओके' निवडायचे, 'कंटिन्यू', 'येस' म्हणायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. म्हणजे पहारेकऱ्याच्या वहीत आपल्या माणसाचे नाव चढते. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. पुष्कळ जण तो बिघाड समजून एंटर दाबून निघून जातात आणि मग ड्रायव्हर दारातच उभा राहतो. तसे झाले असेल तर तोच ड्रायव्हर काढून पुन्हा घाला, पडदा परत येईल. सिक्युअर बूट सरळ बंद करा असे दुकानात सांगतात. त्यानेही काम होते, पण बिटलॉकर चालू असलेल्या यंत्रात त्याच क्षणी चावी मागितली जाते, हे सांगायला ते विसरतात.

पडदा काळा राहणे ही एनव्हिडियाची चिप असलेल्या यंत्रांची खोड. पेनड्राइव्हच्या पहिल्या यादीतच उबुंटूत 'सेफ ग्राफिक्स' आणि मिंटमध्ये 'कम्पॅटिबिलिटी मोड' अशी ओळ असते. तिने चढवा आणि नंतर 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' मधून शिफारस केलेला ड्रायव्हर घ्या. आवाज आणि टचपॅड यांच्या तक्रारी बहुधा नव्या कर्नलने मिटतात, त्यावर वेळ घालवत नाही.

दुसरी सिस्टीम विंडोजच असेल तर खूण निराळी, रीत तीच. 'डिव्हाइस मॅनेजर' मध्ये अडलेल्या भागापुढे पिवळा त्रिकोण असतो. त्यावर दोनदा टिचकी दिली की एक आकडा दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर घातलेलाच नाही. १० म्हणजे भाग सुरू होऊ शकला नाही. बहुधा ड्रायव्हर चुकीचा किंवा जुना असतो. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची सही पटली नाही. 'डिटेल्स' मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्ही-ई-एन या अक्षरांपुढे बनवणाऱ्याचा क्रमांक आणि डी-ई-व्ही पुढे भागाचा. हे दोन घेऊन लॅपटॉप कंपनीच्याच पानावर जा. 'सर्व ड्रायव्हर एका पेटीत' देणारी परकी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांच्या पेटीतून नको ते प्रोग्रामही घरात शिरतात. शाळेच्या मुलांची माहिती असलेल्या यंत्रावर तर तो धोका पत्करूच नये.

काही गोष्टींचा आळ विनाकारण ड्रायव्हरवर येतो. दोन सिस्टीमी झाल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते, सकाळच्या अकराला साडेपाच दाखवते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. आपल्यातले आणि ग्रिनिचमधले अंतर साडेपाच तासांचे. लिनक्सला 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' अशी आज्ञा एकदा दिली की दोघींचे पटते. लिनक्समधून विंडोजच्या फायली वाचता येतात पण बदलता येत नाहीत, ही दुसरी तक्रार. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असते. तेव्हा ती बंद झाल्यासारखी दिसते पण खरी अर्धवट निजलेली असते, आणि निजलेल्याच्या घरात लिनक्स हात घालीत नाही. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये जाऊन ती खूण काढा. तिसरी तक्रार, जुन्या मराठी प्रश्नपत्रिका उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्या कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फाँटांत टंकलेल्या असतात. तो फाँट दुसऱ्या सिस्टीममध्ये नसतो, एवढेच. युनिकोडमध्ये टंकलेले मराठी दोन्हीकडे नीट दिसते.

शेवटी जे बाहेरून जोडायचे त्याविषयी, कारण गुरुजींची खरी कसोटी तेथे लागते. शाळांत आणि सेतू केंद्रांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर आपल्या खास बोलीत बोलतो आणि लिनक्सवर त्याला नीट बसवणे कटकटीचे आहे. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण एचपीचे 'एचपीलिप' आणि त्याचे जोडपॅकेज घातल्यावरच. तो दर वेळी चालू झाला की फर्मवेअर मागतो. माझे मत विचाराल तर अशा प्रिंटरसाठी रात्र जागवू नये. कागद पीडीएफ करावा आणि विंडोजमधून छापावा. दोन सिस्टीमी ठेवल्या त्या याचसाठी. अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन यांचेही आधीच विचारून घ्यावे. तसेच अंतर्गत वायफाय काही केल्या ऐकत नसेल तर यूएसबीत लावायची छोटी वायफाय चकती मिळते. घेताना चिपचे नाव विचारा. अथेरॉस एआर ९२७१ असेल तर लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत ती लावताच चालते.

लॅपटॉप शाळेचा असेल तर हे सगळे करण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. आणि डेडस्टॉक रजिस्टरात जेथे त्याची नोंद आहे तिच्या शेजारी वायफाय, ध्वनी, पडदा आणि डिस्क या चार भागांचे ते क्रमांक, बायोसमध्ये काय बदलले ते, आणि तारीख लिहून ठेवा. ४८ आकड्यांची चावी मात्र त्या रजिस्टरात नको. ती बंद पाकिटात, शाळेच्या तिजोरीत. उद्या तुमची बदली होईल आणि लॅपटॉप नव्या बाईंच्या हाती जाईल. साकोलीच्या किंवा भंडाऱ्याच्या दुकानात त्यांनी तो नेला, तर त्या नोंदीची नक्कल सोबत न्यावी आणि कारागिराला म्हणावे, "भाऊ, भागाचा नंबर हा आहे, याचाच ड्रायव्हर पाहा."